सतरा क्रमांकाचं दही

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये, एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, माझ्या बायकोला सतरा क्रमांकाच्या जिवाणूचा जनुकक्रम अहवाल मिळाला. कसबा पेठेतल्या एका घरच्या दह्यातून तिने हा जिवाणू वेगळा काढला होता. तो नवा नाही, असं अहवालात म्हटलं होतं. दुकानात मिळणाऱ्या एका प्रोबायोटिक दह्यात जो जिवाणू घालतात, तोच हा होता.

तिचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पेपर चाळत होतो. मी एका मराठी दैनिकाच्या संपादकीय विभागात काम करतो. माझी पाळी संध्याकाळी साडेसातला सुरू होते.

"सतरा गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला?"

"दुकानात."

आणि तिने फोन ठेवला.

ती एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पंधरा वर्षं शिकवल्यानंतर तिने पीएचडीसाठी नाव नोंदवलं. पहिलं दीड वर्ष नोकरी सांभाळून काम केलं, मग दोन वर्षांची अभ्यासरजा घेतली. रजा डिसेंबरअखेर संपणार होती, आणि प्रबंध सादर करायची मुदतही तीच होती. विषय होता पुण्याच्या पेठांमधल्या घरगुती दह्यातले जिवाणू. ते वाढताना जे पदार्थ बाहेर टाकतात, त्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते का, आणि थांबत असेल तर त्यामागे जिवाणूची कोणती जनुकं आहेत, हे तिला पाहायचं होतं.

पद्धत सांगायला सोपी आहे, करायला नाही. दह्यातून एकेक जिवाणू वेगळा काढायचा. तो द्रवात वाढवायचा. द्रव इतका बारीक गाळायचा की जिवाणू मागे राहतील. मग ते गाळलेलं पाणी तबकडीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर घालून किती पेशी जगतात ते मोजायचं. शेजारच्या तबकडीत तेवढंच आंबट, पण जिवाणूचा संबंध नसलेलं पाणी घालायचं, म्हणजे आंबटपणाचं श्रेय जिवाणूला जाणार नाही. तिने चाळीस घरांतून दही गोळा केलं होतं. बहुतेक जिवाणूंनी काहीच केलं नाही. दोन-तीन जणांनी थोडंफार केलं. सतराने मात्र दर वेळी केलं.

त्या दिवसांत माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने बातमी मागितली. मथळा त्याच्याकडे आधीच तयार होता. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तबकडीत पेशी मारणं अवघड नाही. साबणाच्या पाण्यानेही मरतात. तुमच्या पेपरात साबणाची बातमी द्या." मी ते निरोपासारखं पोहोचवलं. बातमी आली नाही.

तेव्हा प्रबंध सतरावर उभा होता. पाचपैकी दोन प्रकरणं त्याची होती. जनुकक्रम वाचून घेणं हा शेवटचा टप्पा होता. जिवाणूची जनुकं चार अक्षरांत लिहिलेली असतात, लाखो अक्षरं एका ओळीत. ही ओळ वाचून घ्यायची आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी सार्वजनिक संग्रहात ठेवलेल्या ओळींशी ताडून पाहायची. घरोघरच्या जिवाणूंमध्ये हजारो अक्षरांचा फरक निघतो. सतराचा आणि दुकानातल्या जिवाणूचा फरक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका निघाला.

तिला पहिला संशय स्वतःचा आला. प्रयोगशाळेत नळी बदलली असेल, झाकण उघडं राहिलं असेल, शेजारच्या टेबलावरचं काही उडून आलं असेल. सतराच्या चार नळ्या खोल गोठवून ठेवल्या होत्या. तिने चारही बाहेर काढून पुन्हा वाढवल्या आणि पुन्हा तपासायला पाठवल्या. यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात दुसरा विषय निघाला नाही. गणपतीत रस्ते बंद होते. ती रोज प्रयोगशाळेत जायला दीड तास आधी निघायची आणि डब्यातली पोळी न खाल्लेली परत आणायची. चारही नळ्यांचं उत्तर एकच आलं. प्रयोगशाळेत काही चुकलं नव्हतं.

म्हणजे तो जिवाणू दह्यासोबतच आला होता.

सतरा क्रमांकाचं दही ज्यांनी दिलं त्या काकू सत्तरीच्या आहेत. त्या एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. निवृत्त शिक्षिका. बायकोच्या एका विद्यार्थिनीच्या ओळखीने त्यांचं घर मिळालं होतं. दही देणाऱ्या प्रत्येकाकडून बायको चार ओळींचा एक फॉर्म भरून घ्यायची. त्यातल्या 'विरजण किती वर्षांपासून चालू आहे' या प्रश्नापुढे काकूंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'लग्नापासून. मध्ये कधीही मोडलेलं नाही.'

बायकोने त्यांना फोन केला. स्पीकर चालू होता, म्हणून संभाषण मी ऐकलं.

"काकू, ते दही घरच्याच विरजणाचं होतं ना?"

"अगं, मग काय शेजारच्यांच्या?"

"नाही, म्हणजे मध्ये कधी विरजण मोडलं, दुकानातून दही आणून पुन्हा लावलं, असं काही?"

"फॉर्म तूच आणला होतास ना? त्यात लिहिलंय."

"हो, पण—"

"वाचता येत नसेल तर पुन्हा लिहून देते."

फोनवर हे इथेच संपलं.

काकूंना राग येण्याचं कारण होतं. त्यांच्या दह्यातल्या जिवाणूने चांगला निकाल दिल्याचं बायकोने त्यांना आधीच्या वर्षी सांगितलं होतं. सांगायला नको होतं, हे ती आता म्हणते. काकूंनी ते भजनी मंडळात सांगितलं. मंडळातल्या बायका विरजण मागायला येऊ लागल्या. काकू देतही होत्या.

बायको मार्गदर्शकांकडे गेली. मार्गदर्शक निवृत्तीला आलेले प्राध्यापक आहेत. आवाज चढवत नाहीत, आणि कोणतीही अडचण ही लिहिण्याची अडचण असते असं मानतात. ते म्हणाले, "मॅडम, नमुना तुम्हाला कुठे मिळाला?"

"कसब्यात. काकूंच्या घरी."

"त्यांच्या घरातल्या भांड्यातून?"

"हो."

"मग 'पुण्यातील एका घरातून मिळालेल्या दह्याचा नमुना' असं लिहा. यात खोटं काय आहे? पेशींवरचे निकाल खरे आहेत. जनुकं खरी आहेत. 'पारंपरिक' हा एक शब्द काढून टाका आणि डिसेंबरात सादर करा."

तिने मला हे वाक्य घरी येऊन म्हणून दाखवलं. मला ते ओळखीचं वाटलं. अशी वाक्यं मी वीस वर्षं वाचत आणि पानात लावत आलो आहे. त्यातला एकही शब्द खोडता येत नाही आणि वाचणाऱ्याची समजूत मात्र चुकीची होते. आमच्याकडे अशा वाक्याबद्दल कोणाची नोकरी जात नाही.

"तुझं मत काय?" तिने विचारलं.

"वाक्य बरोबर आहे."

"मत विचारलं मी."

"वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"काकूंच्या घरी पन्नास वर्षं तो जिवाणू होता असं."

"होता का?"

"तेच तर माहीत नाही ना, अरे," ती म्हणाली, आणि समोरचे कागद एकावर एक रचून उठली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. ती सगळ्यांशीच कामापुरतं बोलत होती.

खरा प्रश्न दोन शक्यतांचा होता. एक, काकूंचं विरजण कधीतरी मोडलं होतं, त्यांनी दुकानातून दही आणून ते पुन्हा लावलं आणि फॉर्मवर ते लिहिलं नाही. दुसरी, त्यांनी तिला विरजणाचं दही दिलंच नव्हतं. पहिली शक्यता खरी असेल तर एका घराचा प्रश्न होता. दुसरी खरी असेल, तर असं का झालं आणि आणखी किती घरांत झालं, हे शोधायला लागणार होतं.

तिच्या नमुन्यांची वही मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिली. मोठी, जाड पुठ्ठ्याची वही. क्रमांक, पेठ, दूध गाईचं की म्हशीचं, भांडं स्टीलचं की मातीचं, विरजणाचं वय, आणि शेवटचा रकाना, वेळ. हा रकाना माझ्या सांगण्यावरून घातला होता. काम सुरू करताना तिने वही मला दाखवली, तेव्हा मी म्हणालो होतो की घटनेची वेळ नोंदवलेली असावी, नंतर उपयोगी पडते. तिने माझं मन राखायला तो रकाना आखला. नंतर तिकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं.

सतरा क्रमांकापुढे वेळ होती संध्याकाळी ६.५०. सोळापुढे ६.२५, अठरापुढे ७.०५.

ती संध्याकाळ मला आठवत होती. अभ्यासरजा सुरू होण्याआधीचे दिवस. तिचे तास साडेचारला संपायचे. बर्फाची पेटी घेऊन ती घरी यायची आणि मी तिला स्कूटरवरून पेठांत न्यायचो, कारण कसब्यात चारचाकी नेण्यात अर्थ नाही आणि बसने पेटी नेता येत नाही. साडेसातला मला कार्यालयात पोहोचायचं असे. काकूंच्या इमारतीखाली मी गाडी चालूच ठेवली होती. पाच मिनिटांत खाली ये, असं मी तिला सांगितलं होतं. ती चार मिनिटांत आली होती.

त्या वेळेत काय अडचण असेल ते मला वहीवरून कळलं नाही. फक्त एवढं दिसलं की ज्या नमुन्याबद्दल शंका घ्यायची, तो संध्याकाळचा होता. मी माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काकूंकडे गेलो. बायकोला सांगून गेलो. ती म्हणाली, "जा. तुझ्याशी तरी बोलतात का बघ. बातमीदाराला लोक सगळं सांगतात म्हणे." मी बातमीदार नाही, हे तिला माहीत आहे.

पावणेसात वाजले होते. काकूंनी दार उघडलं, ओळख पटवून घेतली आणि आत बोलावलं. चहा झाला. देवापाशी निरांजन लावलेलं होतं. मी जिवाणूंचा विषय काढला नाही. निघताना म्हणालो, "काकू, आपल्याकडचं चमचाभर विरजण मिळालं तर नेतो. ती पुन्हा एकदा तपासून बघेल."

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधार झाला होता.

"आत्ता?"

"हो. डबी आणली आहे."

"दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत. सकाळी या."

मी उठलो होतो तो पुन्हा बसलो. आमच्या घरात हे कोणी पाळत नाही. माझी आई पाळायची. दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ दाराबाहेर द्यायचं नाही. हे मी ऐकलेलं होतं आणि विसरलो होतो.

"ती आली होती तेव्हाही संध्याकाळच होती," मी म्हणालो.

चहाचे कप उचलून काकू आत गेल्या. ओट्यापाशी नळाचा आवाज आला, थांबला. त्या बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि समोर बसल्या.

"तेव्हाही नाही दिलं," त्या म्हणाल्या.

"मग काय दिलं?"

"फ्रीजमध्ये दहीवड्यासाठी दही आणलं होतं. तयार मिळतं ते. त्यातलं दिलं."

"तिने विचारलं होतं ना, घरचं आहे का?"

"विचारलं. मी हो म्हटलं. पोरगी जिने चढून धापा टाकत आलेली. हातात ती पेटी. खालून तुमचा हॉर्न. तिला मी काय, शास्त्र समजावत बसू? आणि रिकामी तरी कशी पाठवू? वाटलं, दही ते दही. कॉलेजात मुलांना दाखवायला हवं असेल."

"फॉर्मवर लिहिलंत ते?"

"ते खरं आहे. विरजण लग्नापासूनचंच आहे. तिने विरजणाबद्दल विचारलं होतं, मी विरजणाबद्दल लिहिलं."

"आणि नंतर ती निकाल सांगायला आली तेव्हा?"

"तेव्हा ती इतकी खूश होती," काकू म्हणाल्या, "की मला बोलता आलं नाही. मग मंडळात सगळ्यांना कळलं. मग तर प्रश्नच मिटला." त्यांनी निरांजनाची वात सारखी केली. "फोनवर तिला जरा तोडून बोलले मी. सांगा तिला."

मी विचारलं, हे मी तिला सांगितलं आणि तिने ते प्रबंधात लिहिलं तर चालेल का. काकू म्हणाल्या, "नाव घालू नका. बाकी काय घालायचं ते घाला. मंडळाला मी सांगीन माझं मी." त्यांनी सांगितलं की नाही, याची माहिती माझ्याकडे नाही.

मी घरी येऊन बायकोला जसंच्या तसं सांगितलं. तिने वही उघडली. मग तिने पेन्सिलने शेवटच्या रकान्यावरून खूण करत जायला सुरुवात केली. चाळीसपैकी एकोणीस नमुने दिवेलागणीनंतरचे होते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे अमरावतीला आजीसुद्धा द्यायची नाही. मला वाटलं, आता पुण्यात कोण पाळतंय."

"विचारलं का नाहीस?"

"तू हॉर्न वाजवत होतास."

पुढचे दहा दिवस आम्ही काकू सोडून बाकीच्या अठरा घरांना फोन केले. ठरलेला एकच प्रश्न विचारायचा: त्या संध्याकाळी दिलेलं दही घरच्या विरजणाचं होतं, की बाहेरून आणलेलं? एका गृहस्थांनी फोन घेऊन सांगितलं, "आम्ही दही दिलं होतं, मत नव्हे. त्याची इतकी चौकशी कशाला?" एका बाई म्हणाल्या की तेव्हा सासूबाई होत्या, त्यांनी दिलं, त्या आता नाहीत, त्यामुळे काय दिलं ते कसं सांगणार. एकीने सरळ सांगितलं, "बाहेरचंच दिलं. तुम्हाला सकाळी यायला काय झालं होतं?" काकू धरून सात घरांनी बाहेरचं दिल्याचं मान्य केलं. आठ घरांनी घरचंच दिलं असं सांगितलं, पण त्यातल्या कोणाचं खरं धरायचं ते ठरवायला काकूंच्या फोननंतर आमच्याकडे काही साधन नव्हतं. बाकीच्या चौघांकडून उत्तर मिळालं नाही.

मार्गदर्शकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "हे सगळं प्रबंधात कशाला? परीक्षक वेळ विचारत नाहीत."

बायको म्हणाली, "सर, वेळ वहीत आहे."

"वही कोण मागतं?"

"मी."

मुदतवाढीच्या अर्जावर मार्गदर्शकांनी सही केली, पण शिफारशीचा रकाना कोरा ठेवला. विद्यापीठाच्या कार्यालयात अर्ज तीनदा परत आला. एकदा कारण 'सविस्तर' नव्हतं म्हणून, एकदा ते फार सविस्तर होतं म्हणून, आणि एकदा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, दह्यासाठी मुदतवाढ?" बायकोने "हो" म्हटलं. सहा महिने मिळाले. अभ्यासरजा वाढवून मिळाली नाही. जानेवारीपासून ती दिवसा शिकवते आणि प्रयोगशाळेत शनिवार-रविवारी जाते.

तिने एकोणीसच्या एकोणीस नमुने वगळले. ज्यांनी घरचं दिलं असं सांगितलं त्यांचेही. सतरावरची दोन प्रकरणं काढून टाकली. राहिलेल्या एकवीस नमुन्यांमधल्या जिवाणूंपैकी पेशींवर स्पष्ट परिणाम दाखवणारा एकही नव्हता. मी तिला म्हणालो, निदान आठ तरी ठेव. ती म्हणाली, "तू बातमी अशी छापतोस का?" मी उत्तर दिलं नाही, कारण छापतो.

पुन्हा नमुने घ्यायचे ठरले. जानेवारीत आम्ही सकाळी सात ते नऊ या वेळात जाऊ लागलो. मी रात्री एकच्या पुढे घरी येतो, त्यामुळे ही वेळ मला सोयीची नाही. त्या एकोणीस घरांपैकी सहा घरांनी दुसऱ्यांदा दही द्यायला नकार दिला. दोन घरांत विरजण आता ठेवतच नाहीत. एका घरी दार उघडलं ते साखळी न काढता.

काकूंकडे आम्ही एका शनिवारी गेलो. मी गाडी बंद केली आणि वर गेलो. काकूंनी झाकलेल्या स्टीलच्या डब्यातून, आमच्या समोर, स्वच्छ चमच्याने दही काढून बायकोच्या बाटलीत घातलं. बायकोने विचारलं, "काकू, मध्ये कधी—" त्या म्हणाल्या, "नाही." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "दोन हजार वीसमध्ये एकदा मुलाकडे अडकले होते. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईकडे ठेवायला दिलं होतं. तिने सांभाळलं असं म्हणते." बायकोने तेही लिहून घेतलं.

प्रबंध जूनमध्ये, वाढीव मुदतीच्या आत सादर झाला. त्याच्या परिशिष्टात वगळलेल्या एकोणीस नमुन्यांचा तक्ता आहे. सतरा क्रमांकापुढे लिहिलं आहे: 'वगळला. स्रोत विक्रीचे दही. खातरजमा प्रत्यक्ष भेटीत.' दुसऱ्यांदा घेतलेले नमुने प्रबंधात नाहीत. त्यांची तपासणी मुदतीत संपली नाही.

काकूंच्या डब्यातल्या दह्यातून दोन वेगळे जिवाणू मिळाले. दोघांचेही जनुकक्रम संग्रहातल्या कोणाशी जुळले नाहीत. पहिल्याचा कर्करोगाच्या पेशींवर परिणाम दिसला नाही. दुसऱ्याची चाचणी दोनदा झाली. एकदा परिणाम दिसला, एकदा दिसला नाही. वहीत त्या नमुन्यापुढे वेळ आहे, सकाळी ७.५०.